बॅकअपही त्याच इमारतीत होता: स्ट्रासबर्गच्या आगीचा प्रकरण अभ्यास

१० मार्च २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला असताना, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ऱ्हाइन नदीच्या बंदरालगतच्या एका पाच मजली इमारतीला आग लागली. इमारतीत माणसे राहत नव्हती, रात्रपाळीचे मोजके कर्मचारी सुखरूप बाहेर पडले आणि कोणालाही इजा झाली नाही. मात्र त्या पाच मजल्यांवर हजारो सर्व्हर होते, आणि त्या सर्व्हरवर युरोपभरातील दुकानदार, वकील, खेळ बनवणाऱ्या कंपन्या, नगरपालिका आणि संग्रहालये यांची माहिती होती. शंभरेक जवान कामाला लागले, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सामाईक मालकीची 'युरोपा-१' ही अग्निशामक बोट नदीतून पाणी खेचू लागली, तरी इमारत वाचली नाही. पहाटे ही इमारत चालवणाऱ्या कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ट्विटरवर संदेश टाकला, आणि त्यात ग्राहकांना आपापली आपत्कालीन पुनर्स्थापना योजना सुरू करण्याचा सल्ला होता. तो संदेश वाचून अनेकांच्या लक्षात आले, की आपल्याकडे अशी योजनाच नाही.

आपल्या व्यवसायाची माहिती क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच्या संगणकांच्या, भरवशावर सोडावी का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी मला या प्रकरणाहून उपयुक्त दुसरे प्रकरण सापडलेले नाही. येथे हॅकर नाही, परकीय सरकार नाही, कोणाची लबाडीही नाही. एक इमारत जळाली, एवढेच घडले. पण त्या राखेतून भरवशाचा प्रश्न नेमक्या एका शब्दावर येऊन थांबला, आणि तो शब्द पुढे न्यायालयात गेला.

कंपनीचे नाव ओव्हीएचक्लाउड. १९९९ साली उत्तर फ्रान्समधील रूबे या जुन्या कापड-उद्योगाच्या शहरात तिची सुरुवात झाली आणि २०२१ पर्यंत ती युरोपीय मालकीच्या क्लाउड कंपन्यांत अग्रगण्य ठरली होती. अमेरिकी कंपन्यांच्या हाती आपली माहिती नको, ती युरोपीय कायद्याच्या कक्षेतच राहावी, असे वाटणाऱ्या अनेकांनी तिची निवड विचारपूर्वक केली होती. आगीच्या अवघे दोन दिवस आधी तिने शेअर बाजारात उतरण्याची तयारी जाहीर केली होती. म्हणजे ही कोणी कोपऱ्यातली, आज आहे तर उद्या नाही अशी पेढी नव्हती. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण "मोठ्या कंपनीकडे ठेवले आहे, मग काय काळजी" हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येते.

स्ट्रासबर्गच्या आवारात एकूण चार इमारती होत्या आणि त्यांना एसबीजी-१ ते एसबीजी-४ अशी नावे होती. 'इमारती' हा शब्दही थोडा सैल आहे, कारण त्यांतील पहिली आणि चौथी जहाजावरचे कंटेनर एकमेकांवर रचून उभी केलेली होती. २०११ साली बांधलेली एसबीजी-२ ही वातानुकूलन यंत्रांच्या ऐवजी नैसर्गिक वायुवीजनावर थंड राहील अशा रचनेची होती. विजेची बचत करणारी ही रचना कल्पक होती, आणि स्वस्त दराचे रहस्यही तिच्यातच होते. आगीनंतर अग्निशमन दलाने दिलेल्या अहवालात तीच रचना घातक ठरल्याचे दिसते: आतील मोकळे चौक धुराड्यासारखे काम करू लागले, लाकडी तक्तपोशीची आग सोसण्याची क्षमता तासाभराची होती, आग आपोआप विझवणारी यंत्रणा नव्हती आणि संपूर्ण वीज एका जागेवरून तोडता येईल असा मुख्य खटकाही नव्हता. वीजखोलीच्या दाराशी मीटरभराहून लांब विजेच्या ज्वाला उसळत असताना पाणी मारायचे कसे, हा जवानांसमोरचा प्रश्न होता. वीज पूर्ण तुटायला सुमारे तीन तास गेले. औष्णिक कॅमेऱ्यात दोन यूपीएस (वीज गेल्यास बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारी यंत्रे) पेटलेले दिसले होते आणि त्यांपैकी एकाची देखभाल आदल्याच दिवशी झाली होती, असे क्लाबा यांनी नंतर सांगितले.

एसबीजी-२ पूर्ण जळाली आणि एसबीजी-१ चा काही भाग तिच्याबरोबर गेला. उरलेल्या दोन इमारतींना आगीची झळ लागली नसली, तरी संपूर्ण आवाराची वीज बंद करावी लागल्याने त्यांच्यातील सर्व्हरही थांबले. या आवाराने धोक्याची सूचना आधी दिली नव्हती असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये येथेच वीज गेली, जनरेटर सुरू झाले नाहीत आणि सेवा कोलमडली, तेव्हा कंटेनरच्या दोन्ही इमारती काढून टाकू असे कंपनीने जाहीर केले होते. सुमारे सव्वातीन वर्षांनी आग लागली तेव्हा त्या जागेवरच होत्या.

नेटक्राफ्ट या संस्थेने केलेल्या मोजणीनुसार ४ लाख ६४ हजार डोमेनवरील (म्हणजे नोंदणीकृत इंटरनेट-पत्त्यांवरील) सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे संकेतस्थळ गेले, फ्रेंच सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ गेले. 'रस्ट' हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपनीचे युरोपातील २५ सर्व्हर नष्ट झाले, आणि त्यांच्यावरील माहिती परत मिळणार नाही हे तिने खेळाडूंना स्पष्ट शब्दांत कळवले.

एकाच आगीत सापडलेल्या ग्राहकांची गत मात्र एकसारखी झाली नाही. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या कंपनीकडे होती, ते काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा उभे राहिले. ज्यांनी बॅकअप घेतलाच नव्हता त्यांचे गेले ते गेले, आणि करारात बॅकअपची जबाबदारी ग्राहकाचीच असल्यामुळे त्यांना फारसे बोलताही येईना. या दोहोंच्या मध्ये आणखी एक वर्ग होता, आणि माझ्या दृष्टीने हे प्रकरण त्याच्यासाठीच अभ्यासावे असे आहे. या ग्राहकांनी बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते, दर महिन्याच्या बिलात ती ओळ दिसत होती, आणि आगीनंतर त्यांना समजले की बॅकअपही त्याच इमारतीत होता.

बाती कुर्ताज ही त्यांपैकी एक. बांधकामाच्या कामांत घरमालक आणि कंत्राटदार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या या फ्रेंच कंपनीचा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे एका मोठ्या यंत्रातील भाड्याने घेतलेला वाटा, स्ट्रासबर्गला होता आणि तिने स्वयंचलित बॅकअपची सेवा पैसे देऊन घेतली होती. त्या सेवेच्या अटींत असे लिहिले होते, की बॅकअपची साठवण ज्या यंत्रणेवर सर्व्हर चालतो तिच्यापासून भौतिकदृष्ट्या विलग असेल. ग्राहकाने याचा अर्थ सरळ घेतला: सर्व्हरला काही झाले तरी प्रत सुरक्षित राहील. कंपनीचे म्हणणे असे पडले, की भौतिकदृष्ट्या विलग म्हणजे वेगळ्या यंत्रावर, आणि ती अट पाळली गेली होती. प्रत दुसऱ्या गावी ठेवू असे आम्ही कोठेही म्हटले नव्हते. सर्व्हर एका कपाटात आणि बॅकअप दुसऱ्या कपाटात, पण दोन्ही कपाटांवर छप्पर एकच होते.

प्रकरण लील येथील व्यापारी न्यायालयात गेले आणि २६ जानेवारी २०२३ रोजी निकाल लागला. प्रतीच्या तीन नकला ठेवल्या होत्या हे मान्य करूनही न्यायालयाने म्हटले, की त्या तिन्ही मूळ सर्व्हरच्याच ठिकाणी ठेवल्या असतील तर कराराचे पालन झाले असे म्हणता येणार नाही. आग ही आपल्या हाताबाहेरची आपत्ती होती, हा बचावही टिकला नाही. बॅकअप घेतला जातो तोच अशा आपत्तीसाठी. आपत्ती आली हे कारण सांगून बॅकअपच्या जबाबदारीतून सुटता येत नाही. भरपाईची रक्कम अगदी अल्प ठरवणारे कराराचे कलमही न्यायालयाने बाजूला ठेवले आणि एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. हा पहिल्या पायरीवरील न्यायालयाचा निर्णय आहे, शिवाय तो फ्रेंच कायद्यानुसार दिलेला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या करारावर तो जसाच्या तसा लागू पडेल असे कोणी समजू नये. मला त्याचे महत्त्व रकमेपेक्षा शब्दाच्या अर्थात वाटते. 'विलग' कशाला म्हणायचे, हे ठरवायला एक इमारत जळावी लागली, आणि ते ठरल्यावरही माहिती परत आली नाहीच.

आगीनंतरच्या दिवसांत क्लाबा यांनी ग्राहकांसाठी चित्रफीत प्रसिद्ध केली. आपण नेमके काय विकत घेतले आहे हे काही ग्राहकांना पुरते कळलेले नसावे, अशा आशयाचे विधान त्यात होते, आणि त्याचबरोबर यापुढे सर्वांनाच बॅकअप विनामूल्य देण्याची घोषणाही होती. ग्राहकांविषयीचे ते विधान मला बोचले, पण ते खोटे नव्हते. जे विकले जात होते त्याचे वर्णन विक्रेत्याच्या भाषेत होते आणि ग्राहक ते आपल्या भाषेत वाचत होता. या दोन भाषांतील अंतर भरून काढणे ही ज्याला यंत्रणा आतून माहीत आहे त्याची, म्हणजे विक्रेत्याची जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे. औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर न वाचणाऱ्या रोग्याला दोष देऊन औषध विकणारा मोकळा होत नाही.

या क्षेत्रातील आकडेही अशीच फसगत करतात. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी ऐकायला भक्कम वाटते. हिशेब केला तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी हमी मोडत नाही. मुख्य गोष्ट ही, की ती हमी सेवा चालू राहण्याची असते, माहिती शिल्लक राहण्याची नसते. हमी मोडली तर बहुधा पुढील बिलात सूट मिळते. पाच वर्षांची ग्राहकयादी, जुनी कोटेशने आणि येणे-देण्याचा हिशेब गमावलेल्या व्यापाऱ्याला महिन्याच्या भाड्यातील सूट घेऊन करायचे काय?

मग आपला सर्व्हर आपल्याच कार्यालयात बरा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. स्ट्रासबर्गनंतर जेमतेम साडेचार महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानांत छातीभर आणि काही ठिकाणी त्याहून वर पाणी चढले. वह्या भिजल्या, आणि टेबलाखाली ठेवलेले संगणकही गेले. त्या बाजारात क्लाउडवर विश्वास नसलेले, सगळे काही नजरेसमोर ठेवणारे सावध व्यापारी नक्कीच असतील. त्यांची सावधगिरी आणि बाती कुर्ताजची सावधगिरी एकाच ठिकाणी अडली, कारण दोघांचीही माहिती आणि तिची प्रत एका छपराखाली होती. चिपळूणच्या व्यापाऱ्याची एक प्रत स्ट्रासबर्गला आणि स्ट्रासबर्गच्या ग्राहकाची एक प्रत चिपळूणला असती, तर दोघेही वाचले असते. म्हणून क्लाउड की स्वतःचा सर्व्हर, हा वाद मला दुय्यम वाटतो. दुसरी प्रत पहिलीपासून किती वेगळी आहे, हे आधी विचारले पाहिजे.

'वेगळी' म्हणजे केवळ लांब नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीने आपली यंत्रणा गुगल क्लाउडवर दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी दुहेरी ठेवली होती. मे २०२४ च्या सुरुवातीला त्यांचा खासगी क्लाउड, म्हणजे केवळ त्यांच्यासाठी राखलेली यंत्रणा, एकाएकी नाहीसा झाला आणि तो दोन्ही ठिकाणांहून नाहीसा झाल्याचे दोन्ही संस्थांच्या संयुक्त निवेदनात म्हटले गेले. गुगलने पुढे कारण सांगितले: यंत्रणा उभारताना त्यांच्याच कर्मचाऱ्याने एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा सोडला होता, त्यामुळे मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली, आणि वर्ष संपताच यंत्रणेने नेमून दिल्याप्रमाणे सर्व पुसून टाकले. ग्राहकाने पुसण्याची विनंती केलेली नसल्यामुळे त्याला पूर्वसूचनाही गेली नाही. दोन शहरांमधील अंतर येथे निरुपयोगी ठरले, कारण दोन्ही ठिकाणांना एकच आज्ञा पोहोचत होती. युनिसुपरने आणखी एका सेवादात्याकडेही प्रती ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे सुमारे दोन आठवड्यांत सेवा पूर्ववत झाली.

याआधी, जून २०१४ मध्ये, प्रोग्रामरांचे काम साठवून देणारी 'कोड स्पेसेस' ही छोटी कंपनी बारा तासांत संपली होती. हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण कक्षात शिरकाव केला, खंडणी मागितली, आणि कंपनी त्याला हुसकावू लागताच मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही पुसत सुटला. तिचे बॅकअप वेगळ्या जागी होते असे म्हणता येईल, पण सर्व कुलपांची किल्ली एक होती. जागा वेगळी हवी, किल्ली वेगळी हवी, आणि शक्य असेल तर ज्याच्या एका चुकीने सर्व जाईल असा मालकही वेगळा हवा.

आपल्या कायद्यातही याची दखल आहे, पण ती अर्धवट आहे असे मला वाटते. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हिशेबाची पुस्तके ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज घेतला पाहिजे. आधी तो 'ठरावीक काळाने' घ्यायचा होता. नियम चांगला आहे, आणि अनेक छोट्या कंपन्यांना त्याची जाणीव आपल्या लेखापरीक्षकाकडून प्रथमच झाली. परंतु त्यात देश सांगितला आहे, इमारत सांगितलेली नाही. मूळ पुस्तके आणि रोजचा बॅकअप मुंबईतल्या एकाच डेटासेंटरात असले तरी नियमाचे पालन झाले असे म्हणता येईल. स्ट्रासबर्गच्या ग्राहकांचीही माहिती युरोपातच होती आणि युरोपीय कायद्याचे पालन करीतच ती जळाली.

ओव्हीएचक्लाउडचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आगीनंतर नऊ दिवसांनी एसबीजी-१ मधील बॅटऱ्यांतून पुन्हा धूर निघाला आणि ती इमारत कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, २०२३ मध्ये तिने मुंबईतही डेटासेंटर सुरू केले. बाजाराने तिच्यावर विश्वास टाकला तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. भाजलेला माणूस चुलीपासून जपूनच वागतो. पण कंपनी सावरली म्हणून तिचे ग्राहक सावरले असे होत नाही.

गेल्या वर्षी भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात, सुटे भाग बनवणाऱ्या दोन भावांच्या कार्यालयात, मी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. बॅकअप कोठे आहे, असे विचारताच त्यांच्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, "सर, क्लाउडवर आहे." सेवादात्याचे बिल काढले, त्यात बॅकअपची ओळ होती आणि तिचे पैसे वेळच्या वेळी भरलेले होते. सेवादात्याला ईमेल करून एकच विचारले, की सर्व्हर कोणत्या इमारतीत आणि बॅकअप कोणत्या इमारतीत. चार दिवसांनी उत्तर आले: दोन्ही एकाच ठिकाणी, मात्र वेगळ्या स्टोरेजवर. धाकट्या भावाने ते उत्तर दोनदा वाचले आणि मोठ्या भावाकडे सरकवले.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. रोजची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, वेगळ्या पासवर्डने जाईल अशी सोय केली, आणि दर शनिवारी एक प्रत पोर्टेबल डिस्कवर घेऊन थोरल्या भावाने ती घरच्या कपाटात ठेवायची असे ठरवले. मग एका रविवारी, कारखाना बंद असताना, नव्या संगणकावर सर्व काही त्या डिस्कवरून परत उभे करून पाहिले. सकाळी दहाला सुरू केलेले काम दुपारी तीनला संपले. टॅलीचा हिशेब पैशापर्यंत जुळला. पण ग्राहकांनी पाठवलेल्या ड्रॉइंगचा फोल्डर उघडला, तर त्यात मार्चनंतरचे काहीच नव्हते; मार्चमध्ये तो फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअपला ते कोणी सांगितले नव्हते. हिशेबनीस बाईंनी वहीत नव्या फोल्डरचा पत्ता लिहून घेतला, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून प्रत घ्यायला लावली.